फिरत्या पुलाची मोजणी

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे तिनं आजवर फक्त ऐकलं होतं. त्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता ती खरोखरच सरकली.

जुन्या गोदीच्या तोंडावरच्या लोखंडी पुलाच्या टोकाशी ती उकिडवी बसली होती. मोजायच्या फितीचं एक टोक पलीकडच्या काठावरच्या कडीत अडकवलेलं, गुंडाळी डाव्या हातात, पेन्सिल दातांत. मागे कुठेतरी घंटा वाजली. शाळा भरली असेल, असं मनाशी म्हणत तिनं वहीत आकडा लिहिला आणि वर पाहते तो काय, समोरचा काठ बाजूला चाललेला.

काठ कसा चालेल... चालला होता पूल. अख्खाच्या अख्खा, तिच्यासकट. खाली हिरवं पाणी, वर आभाळ आणि मधे ती. हातातली फीत सरसर सुटत गेली. पाच मीटर, दहा, पंधरा... विसाव्या मीटरला संपली, मनगटाला हिसका बसला आणि गुंडाळी उडून पाण्यात पडली. दोन्ही हातांनी कठडा धरून ती कशीबशी मागे वळली.

पुलाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस लोखंडी दांडा ढकलत गोल गोल चालत होता. तिशीचा असेल, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तिला पाहून तोही जागच्या जागी थबकला.

“तुम्ही... पुलावर?”

“पूल हलतोय,” ती म्हणाली.

“फिरता पूल आहे. फिरणारच.”

“फाइलमध्ये लिहिलंय, हा पूल सकाळी फिरत नाही.”

“मग फाइल फिरत नसेल.”

“आधी थांबवा तुम्ही.”

“इथे थांबवला तर पोहत जावं लागेल. पोहता येतं?”

तिनं मान हलवली. नाही.

“मग धरून बसा. घंटा दिली होती मी.”

“मला वाटलं, शाळेची.”

“शाळेची असती तर बरं झालं असतं,” तो पुन्हा दांड्याला भिडत म्हणाला. “तिथे निदान मुलं तरी ऐकतात.”

रागावं की रडावं हे तिला कळेना, आणि तेवढ्यात तिच्या अगदी जवळून एक बोट गेली. बोटीवरच्या माणसानं तिला अदबीनं सलाम ठोकला.

ती जुन्या इमारती मोजणाऱ्या एका कचेरीत कामाला होती. वय सत्तावीस. नकाशात अर्ध्या मिलिमीटरची चूक सापडली तरी ती सगळा कागद नव्यानं काढायची, म्हणून कचेरीत तिला सगळे ‘मिली’ म्हणत. मिलिमीटरमधली मिली. घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. “माणसं मोजायला लागलीस की कळव,” मावशी म्हणायची, “चार स्थळं आहेत माझ्याकडे.”

गोदीचं काम तिच्याकडे आलं ते एका निनावी तक्रारीमुळे. पूल धोकादायक आहे, असं कुणीतरी लिहून कळवलं होतं. गोदीच्या मालकांना ते पथ्यावरच पडलं. त्यांना पूल जाम करून, खालचं पाणी बुजवून सरळ रस्ता हवा होता. मिलीच्या कचेरीनं सगळं मोजून, तपासून अहवाल द्यायचा आणि मग पुढचं ठरायचं. साहेबांनी तिला सहा आठवडे दिले होते. “पूल गेला तर पुलावरचा माणूसही गेला,” ते फाइल पुढे सरकवत सहज म्हणाले होते. तेव्हा त्या माणसाला चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गेली तर पूलवाल्याच्या केबिनच्या खिडकीत तिची फीत ठेवलेली. गळ टाकून काढलेली, धुतलेली, पुसलेली, वर तेलाचं बोट फिरवलेलं.

“गंजली असती,” तो म्हणाला. त्यापलीकडे काही नाही.

पण तेल लावायचं त्याला सुचलं... हे तिच्या मनातून दिवसभर जाईना.

केबिनमध्ये त्याचा थोरला भाऊ बसायचा. दादा. तो बोटींची नोंद ठेवायचा, डाव्या हातानं. उजवा हात त्याच्या मांडीवर नुसता पडलेला असे. जन्मापासूनच असेल, असं तिला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. दादानंच तिला पहिल्या आठवड्यात गोदी समजावून सांगितली. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं नि उतरतं, पण गोदीतल्या बोटींना पाणी हवं एकाच पातळीचं. म्हणून तोंडाशी दगडात बांधलेला हा लांबट हौद आणि त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. बोट हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सारखं करायचं, पुढचं दार उघडायचं. कागदोपत्री त्याला लॉक म्हणत. गोदीत सगळे हौदच म्हणत. हौदावरून रस्ता गेलेला, म्हणून वर फिरता पूल. एका काठावरच्या जाडजूड खुंट्यावर बसवलेला, जात्याची वरची तळी फिरते तसा फिरणारा.

“दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब,” दादा म्हणाला, “एक माणूस एका दांड्यानं फिरवू शकेल असा. आता अशी डोकी राहिली नाहीत.”

ती काठावरचे दगड मोजायची. दोरांनी घासून घासून दगडांत बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. फितीचं दुसरं टोक धरायला पूलवाला यायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

“किती?” ती विचारायची.

“बारा मीटर चाळीस.”

“आणि मिलिमीटर?”

“वाऱ्यानं फीत हलतेय, मॅडम.”

“मग वारा थांबेपर्यंत धरा.”

तो धरून उभा राहायचा. वारा काही लवकर थांबत नसे. तिलाही घाई नसे.

दुसऱ्या आठवड्यात तिनं दांडा ढकलून पाहायचा हट्ट धरला. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, “हळू. माझ्याच चालीनं.” दांड्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. चालत राहिलं की पायांखाली दातेरी चाकं करकरायची आणि सगळा पूल डौलानं वळायचा.

“कितीही चाललं तरी आपल्यातलं अंतर तेवढंच राहतं,” ती दोन फेऱ्यांनंतर म्हणाली, आणि आपण काय बोललो हे उमगून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मोजलंत?” तो म्हणाला.

“नजरेनं.”

“नजर चुकते. तुम्हीच म्हणता.”

तो फार सावकाश चालायचा. पाच मिनिटांच्या कामाला बारा मिनिटं लावायचा. का लावत असेल, हे तिनं मनोमन ठरवून टाकलं होतं आणि त्या विचारानं ती एकटीच हसायची. त्या दिवशी पूल जागेवर बसल्यावर तो दांडा धरून घुटमळला. “मॅडम, एक सांगायचं होतं. कसं सांगावं कळत नाही...”

“उद्या सांगा,” ती घाईनं म्हणाली आणि वही उलटी धरून निघून गेली.

तिसऱ्या आठवड्यात तिला तो तडा दिसला.

ती पुलाखालच्या खड्ड्यात उताणी पडून बॅटरीच्या उजेडात खुंट्याभोवतालचं लोखंडी कडं तपासत होती. केसासारखी एक रेघ. पुसली, गेली नाही. पट्टी लावली. अर्धा मिलिमीटर. ती बराच वेळ तशीच पडून राहिली. वर, फळ्यांच्या फटीतून, त्याची पावलं जाताना दिसत होती. कुणाशी तरी हसून बोलत होता. साहेबांचं वाक्य तिला आठवलं: पूल गेला तर पुलावरचा माणूसही गेला.

रेघच आहे, ती मनाशी म्हणाली. दीडशे वर्षांत एक रेघ पडणारच. तिनं वहीत लिहिलं, ‘वरवरचा गंज’. ते अक्षर तिला आपलं वाटलंच नाही.

चौथ्या आठवड्यात मोजणीसाठी हौद रिकामा केला. तळ बघायला दोघं शिडीनं उतरले आणि शेवटच्या पायरीवर ती थक्क होऊन उभीच राहिली. तिला सपाट फरशी अपेक्षित होती. खाली होती कमान, उलटी. जणू एखादं घुमटाकार छत उचलून जमिनीवर उताणं ठेवलं असावं, तसा दगडांचा खोलगट तळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला, सांध्यात नख शिरणार नाही असा. जिथे कुणाची नजर कधी पोचणार नाही, तिथे इतकं निगुतीचं काम.

“हे... कुणी बघणार नाही हे त्यांना माहीत होतं,” ती कुजबुजली.

“पाण्याला माहीत असतं,” तो म्हणाला. “खालून जमीन दाबते, बाजूनं भिंती दाबतात. तळ सपाट असता तर केव्हाच उकलला असता.”

समोरच्या दरवाजांच्या मधल्या फटीतून पाण्याची धार येत होती आणि पलीकडे सगळा समुद्र उभा होता. ती दचकून त्याच्याजवळ सरकली. तिच्या बाहीला त्याची बाही लागली. कुणीच मागे सरलं नाही.

“घाबरू नका. दोन्ही दारं समुद्राकडे टोक करून मिटतात. पाणी जितकं ढकलेल तितकी घट्ट बसतात.” मग जरा थांबून, “मॅडम, त्या दिवशी सांगायचं राहिलं. मनावर ओझं झालंय...”

“माझ्या लक्षात आलंय,” ती खाली बघत म्हणाली. “पण अहवाल होऊ दे आधी. मग बोलू.”

“तुमच्या लक्षात आलंय?” त्याचा चेहरा एकदम उजळला. “मग काही प्रश्नच नाही. मी उगाच घोर लावून घेतला.”

घरी जाताना ती तरंगत होती. मावशीनं दोनदा विचारलं, “काय झालं गं?” पूलवाल्याबद्दल आपण किती बोललो आणि किती नाही, हेही तिला आठवेना.

सहाव्या आठवड्यात तिनं अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. पूल सुस्थितीत, हौद जतन करण्याजोगा. साहेबांनी शेवटचं पान वाचलं आणि खुशीत मान डोलावली. “म्हणजे तक्रार खोटी. छान. हे पत्रही आता दप्तरी लावून टाक.”

पत्र तिनं तोवर पाहिलं नव्हतं. तिनं घडी उघडली. उंच, मागे झुकलेली अक्षरं. हीच अक्षरं ती सहा आठवडे रोज वाचत होती. केबिनबाहेरच्या फळ्यावर, पूलवाल्यानं खडूनं लिहिलेली: आजची भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता.

ती तडक गोदीत आली. तो चाकांना वंगण घालत होता.

“तक्रार तुम्ही केलीत?”

“हो.” त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. “तुम्ही म्हणालात ना, लक्षात आलंय?”

“ते मला... मला वाटलं, तुम्ही वेगळंच काही सांगताय.”

“काय वेगळं?”

तिनं मान वळवली. त्यालाही मग हळूहळू कळलं असावं. कारण तो लाल झाला आणि वंगणाचा डबा उगाच या हातातून त्या हातात करू लागला. पण लगेच त्याच्या मनात दुसरं काही आलं आणि चेहरा उतरला.

“म्हणजे तुम्हाला तडा सापडलाच नाही?”

खोटं बोलता आलं असतं. “सापडला,” ती म्हणाली. “पण अहवालात घातला नाही.”

“का?”

“पूल बंद झाला तर तुम्ही...”

त्यानं वंगणाचा डबा खाली ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मागच्या वर्षी या कड्यानं मधेच हिसका दिला,” तो अखेर म्हणाला. “दांडा उलटा फिरला. दांड्यावर दादा होता. त्याचा हात तेव्हा गेला, मॅडम. मालकांनी त्याचाच निष्काळजीपणा लिहिला. मी उघड बोललो असतो तर त्याची खुर्चीही गेली असती, म्हणून निनावी लिहिलं. आणि मोजायला तुम्ही आलात. अर्धा मिलिमीटर न सोडणाऱ्या, असं ऐकलं होतं. मी निर्धास्त होतो.”

“म्हणून तुम्ही इतके सावकाश चालायचात?”

“मग कशासाठी चालेन?”

सहा आठवड्यांचं सगळं सुख त्या एका वाक्यात पार उलटं होऊन पडलं.

“तुम्हाला दांड्याला हात लावू द्यायला नको होता,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “ती चूक माझी. पण हे जे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत, ते मला नको. या पुलावरून रोज माणसं जातात.”

बाराची भरती होती. एक बोट बाहेर थांबली होती. “फिरवू?” त्यानं विचारलं. “तुमच्या कागदाप्रमाणे पूल सुस्थितीत आहे.”

“नको,” ती म्हणाली. “घंटाही देऊ नका. मी येते.”

आल्या पावली ती कचेरीत परतली आणि टेबलावरून अहवाल उचलला. “साहेब, हा खोटा आहे. कड्याला तडा आहे, मी पाहिला होता, आणि लपवला.”

साहेबांनी चष्मा काढला. “तू? अगं, का?”

दुसरं कुठलंच कारण तिला सुचेना. “मी तिथल्या पूलवाल्याच्या प्रेमात पडले म्हणून.”

शेजारच्या टेबलांवरच्या पेन्सिली थांबल्या. साहेब चष्मा पुसत राहिले, घातला, पुन्हा काढला. “तीस वर्षं हे काम करतोय,” ते शेवटी म्हणाले. “लोकांनी मला पावसाचं कारण दिलंय, आजारपणाचं दिलंय...” मग त्यांनी फोन उचलून गोदीत पूल ताबडतोब थांबवायला सांगितलं, कारणही सांगितलं, आणि काम तिच्याकडून काढून घेतलं. सहा महिने तिनं मोजणीला जायचं नाही. तिनं मान खाली घालून ऐकलं. शिक्षा कमीच वाटली.

गोदीतून काहीच निरोप आला नाही. एक महिना गेला, दोन गेले.

पूल क्रेननं उचलायचा ठरला त्या दिवशी ती न राहवून गेली आणि दोरीमागे बघ्यांत उभी राहिली. पूल वर गेला, खालचं कडं उघडं पडलं. नव्या तपासनिसानं त्यावर हातोडीनं हलकेच टोला दिला आणि कड्याचा वीतभर तुकडा, कुणी काही म्हणायच्या आत, सरळ खड्ड्यात पडला. वरून अर्धा मिलिमीटर दिसणारा तडा आत चार बोटं खोल गेला होता.

ती दगडावर मटकन बसली. तिनं जिथे ‘वरवरचा गंज’ लिहिलं होतं, ते लोखंड तिच्यासमोर दोन तुकड्यांत पडलं होतं.

कुणीतरी शेजारी येऊन बसलं. ती बघायच्या आधीच तिला कळलं.

“आणखी दोन-चार फेऱ्या,” तो म्हणाला, “फार तर.”

“बोलू नका.”

“बरं.” त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग, “नवं कडं घडवणार आहेत. मालकांना आता हौद बुजवता येत नाही. तळ पाहून गेलेल्या तपासनिसांनी तो जपायलाच हवा असं वरपर्यंत कळवलं. दादाच्या हाताचीही नव्यानं चौकशी आहे. मला घडाईच्या कारखान्यात पाठवताहेत, दुसऱ्या बंदरात. दीड वर्ष. सोमवारी निघतो.”

सोमवार म्हणजे परवा.

“तुमच्या साहेबांना जे सांगितलंत,” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “ते गोदीतल्या मांजरांनाही माहीत झालंय. मला तेवढं कुणी नीट सांगितलेलं नाही.”

“मला वाटलं, तुम्ही तोंड बघणार नाही माझं.”

“मलाही तसंच वाटलं होतं. महिनाभर वाटलं.” त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. “मग विरलं.”

ती म्हणाली. तीनच शब्द, इतक्या हळू की क्रेनच्या घरघरीत कुणाला ऐकू जाऊ नयेत. त्याला गेले. आणि ज्याला सगळं आधीच ठाऊक होतं तो माणूस हबकल्यासारखा बसून राहिला.

“काय झालं?” ती घाबरून म्हणाली.

“काही नाही... उत्तर पाठ करून आलो होतो.”

त्याच संध्याकाळी ती त्याला घरी घेऊन गेली. मावशीनं दार उघडलं आणि त्याला नखशिखांत पाहिलं.

“हे पूलवाले,” ती म्हणाली.

“हे?” मावशी दाराला धरून उभी राहिली. “अगं, तू पूलवाले पूलवाले म्हणायचीस, मला वाटलं साठीचे असतील. मी म्हणत होते, म्हाताऱ्याला एकदा जेवायला बोलाव.”

चहा झाला. मावशीनं त्याचं काम विचारलं, घर विचारलं, दीड वर्षाचं ऐकून कपाळाला आठी घातली. मग कपबश्या बाजूला सारून तिनं नेमका प्रश्न विचारला. “हिनं तुमच्या कामात एवढा मोठा घोळ घातला. तरी तुम्ही आलात. काय पाहिलंत हिच्यात?”

मिलीनं मावशीला घोळाबद्दल सगळं सांगितलं होतं, पण मावशी ते असं समोर मांडेल, हे स्वप्नातही नव्हतं.

घाईघाईत गोड बोलणाऱ्यांतला तो नव्हता.

“यांनी खोटं लिहिलं, ते मला अजून आवडलेलं नाही,” तो म्हणाला. “पण कुणी पकडलं नसताना परत जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नोकरी जाऊ शकत होती, हसं तर झालंच. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी त्यासाठी आलोय.”

मावशी उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून पाठमोरीच म्हणाली, “जेवून जायचं. आणि सोमवारी हिला गाडीवर सोडायला येऊ दे. रडेल, पण येऊ दे.”